उन्हाची कमाई करणारे गाव

लॉस एंजेलिसहून उत्तरेकडे डोंगर ओलांडले, की हिरवळ मागे पडते आणि मोहावीचे वाळवंट सुरू होते. इथेच अँटेलोप खोऱ्यात लँकेस्टर वसले आहे. वस्ती सुमारे पावणेदोन लाख. हिवाळ्यात पाऊस चांगला झाला, तर वसंतात जवळच्या टेकड्या केशरी पॉपीच्या फुलांनी फुलून जातात. एरवी इथे राज्य उन्हाचेच!

भर उन्हाळ्यात उघड्यावरच्या गाडीच्या दाराला हात लावला, तर चटका बसतो. सावली हवीच होती. २०१०च्या सुमारास नगरपालिकेने आपले कार्यालय, स्टेडियम अशा ठिकाणी सौरवीज घेण्याचे ठरवले. गाड्यांच्या तळांवर उंच खांब उभे राहिले आणि त्यांवर पत्र्यांऐवजी सौर पॅनेल चढली. खाली सावली, वर वीज!

व्यवहारही साधा होता. जागा पालिकेची, उभारणीचा खर्च कंपनीचा. पालिकेने फक्त तयार झालेली वीज करारातल्या दराने विकत घ्यायची. तिजोरीतून एकरकमी पैसा काढावा लागला नाही. अर्थात, असे करार दीर्घ मुदतीचे. उद्या बाजारात वीज स्वस्त झाली, तरी दिलेला शब्द पाळावाच लागतो.

तरीही गाव मागे हटले नाही. २०१३ साली नव्या घरांना सौरवीज सक्तीची करण्याचा नियम इथे झाला. कॅलिफोर्निया राज्याने तसाच नियम लागू केला तो २०२० मध्ये. ज्या उन्हाला लोक कंटाळले होते, तेच आता गावाचे पीक झाले आहे.