८८ की ९६?
बाड्यावरून गोरखीच्या दारातून आत वळले, तरी डोक्यात तेच: ८८ की ९६? स्कीच्या कमरेची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ग्वाल्हेरात हे बोलायचं कुणाशी! ब्लिझार्डची ब्लॅक पर्ल ८८ दाबलेल्या, टणक बर्फावर चटकन वळते. पण गुलमर्गला गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून अफरवटचा डोंगर उतरायचा म्हणजे भुसभुशीत, न तुडवलेला बर्फ. तिथे रुंद स्कीच वर तरंगते. मग फोल्कलची सीक्रेट ९६. बाईमाणूस दिसलं की दुकानदार हलकी, मऊ, आखूड स्की पुढे करतात. (आजीचंही मत तेच: हलकंच घे गं!) मला मात्र आत टायटॅनल धातूचा थर हवा, मऊ स्कीची वेगात टोकं फडफडायला लागली की कड धरवत नाही. लांबीही जवळपास माझ्या उंचीइतकी. बूट स्कीला जखडणाऱ्या बाइंडिंगचे पैसे वेगळे, ते आईला अजून सांगितलेले नाहीत.