शब्दांची मोजदाद

आजोबा निवर्तले त्या वर्षी मी शाळेच्या वार्षिकासाठी त्यांच्याविषयी लेख लिहिला. मर्यादा होती १०० शब्दांची. संगणकावरील शब्दगणकाने आकडा दाखविला ११२! हा गणक दोन शब्दांमधील मोकळी जागा पाहून मोजतो. ‘झाडाखाली’ हा त्याच्या लेखी एकच शब्द. अर्थ त्याला कळत नाही. मग मीच ‘अत्यंत’, ‘खरोखर’, ‘थोर’ असे शब्द एकेक करून गाळले. शेवटी १०१ उरले. ‘रोज सायंकाळी आजोबा फाटकापाशी माझी फार वाट पाहत’, यातील ‘फार’ही काढला. आईने लेख वाचला. त्याच वाक्यापाशी तिचे डोळे पाणावले. शब्द किती, हे यंत्र सांगते. कोणता ठेवावा, हे मात्र आपल्या मनालाच विचारावे लागते.