वगळणे आणि पुसणे

आरशाचा धर्म असा की, समोर जे असेल ते तो दाखवतो आणि समोरचे दूर झाले की स्वतःतूनही ते घालवतो. संगणकातील फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवण्याच्या एका पद्धतीस 'मिररिंग' म्हणतात ते याच अर्थाने. मूळ फोल्डरात नवी फाईल आली की ती प्रतीत जाते. मुळातून एखादी काढली की प्रतीतूनही काढली जाते. व्यवस्था नेटकी आहे. परंतु मनुष्य या आरशासही अपवाद सांगतो: 'एवढे मात्र वगळ.' आणि येथेच प्रश्न यंत्राचा न राहता भाषेचा होतो. आम्ही मराठीचे विद्यार्थी, संगणकशास्त्राचे नव्हे. म्हणूनच या एका क्रियापदापाशी आम्हांस थांबावेसे वाटले.

'वगळ' या शब्दातून दोन आज्ञा निघू शकतात. पहिली, 'हे नेऊ नको.' दुसरी, 'हे तिकडे असूही देऊ नको.' पंगतीत वाढप्यास 'या पानावर जिलबी वाढू नका' असे सांगितले, म्हणून तो पानावर आधीच असलेली जिलबी उचलून नेत नाही. संगणकाजवळ मात्र वाढप्याचे हे तारतम्य नसते. त्यास वाक्याचा जो अर्थ शिकवला असेल, तोच तो शेवटपर्यंत पाळतो.

आमच्या फोपनारच्या शाळेत हा प्रश्न केवळ शब्दच्छलाचा नव्हता. कचेरीचा कारभार हिंदीत, घरातले बोलणे मराठीत, अशी येथील रीत. मुलांनी गावातील वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या. शाळेच्या संगणकात जागा अपुरी पडू लागली, तेव्हा त्या ओव्या आम्ही बाहेरच्या डिस्कवर हलविल्या. त्याच डिस्कवर शाळेच्या फोल्डरची प्रत दर शनिवारी घेतली जाते. म्हणजे ओव्या प्रतीत होत्या, मुळात नव्हत्या. आरशाच्या न्यायाने त्या पुसल्या जावयास हव्या होत्या. वगळण्याच्या यादीत आम्ही त्या फोल्डरचे नाव घातले खरे. पण यादीचा अर्थ पहिला की दुसरा? ओव्या सांगणाऱ्यांपैकी दोघीजणी आज हयात नाहीत. ही शंका मनात ठेवून कळ दाबणे आम्हांस शक्य नव्हते.

आम्ही 'आरसिंक' ही आज्ञावली वापरतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ती 1996 मध्ये प्रथम लोकांपुढे ठेवली. तिच्या कर्त्यांनी या द्व्यर्थाचा नीट विचार केलेला दिसतो. 'डिलीट' सांगितले असताही, वगळलेल्या नावाची वस्तू प्रतीत असेल तर ती तिला हात लावत नाही. पुसूनच हवे असेल तर 'डिलीट-एक्सक्लूडेड' अशी निराळी, स्पष्ट आज्ञा द्यावी लागते. इतकेच नव्हे, तर 'मुळाकडून लपव' आणि 'प्रतीत राख' असे दोन स्वतंत्र नियमही तीत सांगता येतात. सौम्य अर्थ आपोआप आणि कठोर अर्थ मागितल्यावर, हा क्रम आम्हांस शहाणपणाचा वाटतो. न पुसलेले उद्याही पुसता येते. पुसलेले परत आणणे सहसा आपल्या हाती नसते.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याचा उत्तम दाखला आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. त्यांना अशुद्ध वाटलेले पाठ त्यांच्या प्रतीत आले नाहीत. परंतु त्यामुळे इतरांच्या घरच्या पोथ्या नाहीशा झाल्या नाहीत. म्हणूनच इतिहासाचार्य राजवाडे यांना एकनाथपूर्व मानलेली एक पोथी मिळाली, तिच्यावरून त्यांनी 1909 साली आपली आवृत्ती छापली, आणि अभ्यासकांना पाठ ताडून पाहता आले. नाथांच्या वगळण्यात पुसणे असते, तर ही तुलना संभवलीच नसती.

तेव्हा अशा आज्ञावलीकडून आमच्या अपेक्षा चारच. वगळलेले ते अस्पर्श मानावे. पुसण्याची आज्ञा वेगळ्या शब्दाने घ्यावी. पुसण्यापूर्वी काय जाणार त्याची यादी दाखवावी; आरसिंकमध्ये 'ड्राय रन' या नावाची अशी रंगीत तालीम आहे, आणि ओव्यांच्या बाबतीत आम्ही तीच आधी घेतली. आणि मूळ नीट वाचता आले नाही, तर पुसणे थांबवावे. आरसिंक तेही आपण होऊन करते. डोळ्यांवर झापड असताना आरशाने घर रिकामे ठरवू नये.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी आजोबांची मोडी पत्रे, लग्नांची छायाचित्रे, नर्मदेकाठच्या किंवा तापीकाठच्या जुन्या वास्तूंचे कागद आता डिस्कवर गेले असतील. मुले परगावाहून येऊन 'प्रत लावून दिली आहे' असे सांगून जातात. त्यांना एवढे अवश्य विचारावे: 'अरे, वगळलेल्याचे पुढे काय होते?' उत्तर ठाऊक नसेल, तर तालीम घेतल्यावाचून कळ दाबू देऊ नये. आणि जे एकाच ठिकाणी उरले असेल त्याची आणखी एक प्रत आरशाबाहेर, निराळ्या जागी ठेवावी. आम्ही ओव्यांची तशी ठेवली आहे.

आमच्या या गावच्या भूमीतून 1964 साली बुद्धाच्या सात धातुमूर्ती निघाल्या. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराच्या त्या मूर्तींपैकी काही आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. शतकानुशतके त्या कोणाच्याही यादीत नव्हत्या. मातीने मात्र, यादीत नाही म्हणून त्या टाकून दिल्या नाहीत. परप्रांतात राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांचे पुष्कळसे धन असेच कोणाच्या ना कोणाच्या यादीबाहेरचे असते. यादीबाहेरचे म्हणजे नकोसे नव्हे, एवढा विवेक मातीत आहे. तो यंत्रात घालणे हे मनुष्याचे काम.