फोंतेन्हासांतील एक दिवस

सुटीसाठीं परगांवीं गेलेल्या माणसाच्या अंगीं एक निराळेंच धैर्य येतें. आपल्या पेठेंत दुसऱ्याच्या खिडकीकडे जो कधीं मान वर करून पाहणार नाहीं, तो परक्या गांवीं कोणाच्याहि ओट्याशीं खुशाल उभा राहतो, दारावरची नक्षी बोटांनीं चाचपतो आणि या आगाऊपणास रसिकता असें नांव देतो. ही रसिकता आमच्याहि अंगीं पुष्कळ आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. कारण पुढील हकीकत तिच्यामुळेंच घडली.

गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही सहकुटुंब पणजीस गेलों होतों. निघतांना वडील बंधूंचें एक पत्र बॅगेंत टाकलें होतें. वाईचा आमचा वडिलोपार्जित वाडा पाडून तेथें सदनिकांची इमारत उठवावी असें घरांत ठरलें होतें. तिघां भावांच्या सह्या झाल्या होत्या. चौथी आमची राहिली होती. आमची हरकत अशी नव्हतीच. वाड्यास बारा वर्षें कुलूप आहे, पावसाळ्यांत मागली पडवी गळते, आणि तेथें जाऊन राहणारा कोणी उरलेला नाहीं. ‘परत आल्यावर सही करतों,’ असें आम्हीं कळविलें होतें, आणि त्या विषयास मनांतल्या मनांतहि कुलूप घातलें होतें.

पणजींतला एक सबंध दिवस आम्हीं फोंतेन्हाससाठीं राखून ठेवला होता. एका बाजूस आल्तिन्हची टेकडी, दुसऱ्या बाजूस ओरेंची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टींत ही वस्ती. टेकडीच्या पायथ्याशीं असलेल्या झऱ्यांवरून तिला हें नांव मिळालें. जुन्या गोव्यांत रोगराईमुळें माणूस टिकेना, तेव्हां १७५९ सालीं व्हाइसरॉयनें आपला मुक्काम पणजीस हलविला. १८४३ सालीं पणजी रीतसर राजधानी झाली. राजधानीमागोमाग अंमलदार आले, अंमलदारांमागोमाग घरें आलीं. पिवळीं, निळीं, तांबडीं घरें, लाल कौलें, रस्त्यावर झुकलेले लांकडी सज्जे, आणि नाताळ असल्यामुळें सज्ज्यासज्ज्यांतून टांगलेलीं कागदी नक्षत्रें. पावसाळा सरला कीं घरास नवा रंग द्यावयाचा, आणि निव्वळ पांढरा रंग मात्र देवळासाठीं सोडावयाचा, अशी येथील जुनी रीत असल्याचें सांगतात. सकाळीं पावाची टोपली घेऊन पोदेर भोंगा वाजवीत गेला, तेव्हां आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “इथं सगळं कसं चित्रांतल्यासारखं आहे, नाहीं?” आम्हीं मान डोलावली. चित्रांतल्या घरांचीं कौलें गळत नाहींत, हें तेव्हां कोणाच्या ध्यानांत यावें?

मुख्य रस्त्याचें नांव ‘एकतीस जानेवारी’. १९६१ सालीं पोर्तुगीज गेले, पण पाटीवरची ही तारीख राहिली. हा पोर्तुगालच्या स्वातंत्र्याचा दिवस, असें एक प्रवासी आपल्या मुलांस सांगत होता. मास्तरकीची संवय वाईट. आमच्यानें राहवलें नाहीं. स्पेनपासून पोर्तुगाल सुटला तो १६४० च्या डिसेंबरांत. ३१ जानेवारी हा १८९१ मधील पोर्तो शहरच्या प्रजासत्ताकवादी उठावाचा दिवस. उठाव फसला, पण १९१० सालीं तें प्रजासत्ताक आलेंच. त्यानें धर्माधर्मांतील भेद कायद्यांतून काढला आणि गोव्यांतील हिंदूंस शिक्षणाचीं व सरकारी नोकऱ्यांचीं दारें मोकळीं झालीं. पुढें सालाझारच्या अमदानींत मोकळीक पुन्हां आवळली गेली, ती गोष्ट निराळी. परमुलुखांतील एका फसलेल्या बंडाचें ऋण आपणां मराठी वाचकांकडेहि थोडें निघतें, हें त्या निळ्या-पांढऱ्या पाटीखालीं उभें राहून कळलें.

रस्त्याच्या टोंकास संत सेबास्तियनचें लहानसें देऊळ आहे. दार उघडें होतें. आंतला क्रूस पूर्वीं जुन्या गोव्यांतील इन्क्विझिशनच्या वाड्यांत होता. क्रूसावरील येशूचे डोळे पुष्कळदां मिटलेले असतात. येथें ते उघडे आहेत. १५६० पासून १८१२ पर्यंत चाललेल्या त्या न्यायासनापुढें किती जीव थरथरले असतील, त्याचा विचार मनांत आला. आम्ही पाहावयास आलों होतों. येथें कोणी आम्हांसच पाहत होतें. आम्ही लौकर बाहेर पडलों.

पुढच्या गल्लींत एका खिडकीनें आम्हांस अडविलें. कांचेऐवजीं शिंपल्यांचे पातळ चौकोनी तुकडे लांकडी चौकटींत बसविलेले. त्यांतून ऊन गाळून दुधासारखें आंत उतरत होतें. नाक तावदानास लागेल इतके आम्ही जवळ गेलों, तों झडप उघडली आणि ऐंशीच्या घरांतली एक ख्रिस्ती बाई आमच्याकडे पाहूं लागली. आम्ही ओशाळलों. ती मात्र हंसून म्हणाली, “भितर येयात.”

तिची कोंकणी आणि आमची मराठी यांचें बरें जमलें. बाहेरून पाहणारे पुष्कळ येतात, पायरीवर बसून छायाचित्रें काढतात, असें ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. मुलगा लिस्बनला असतो. तिनें आम्हांस कपाटांतली एक वही दाखविली: कोणत्या सालीं किती कौलें बदललीं, कोणता वासा वाळवीनें खाल्ला, रंगास किती पैसे पडले. शिंपले बसविणारा सुतार आतां सहजीं मिळत नाहीं. फुटलेल्या तुकड्यांच्या जागीं तिनें पुठ्ठा लावला होता. रस्त्यावरून आम्हांस तो दिसला नव्हता.

“तुमचें घर खंय?” तिनें सहज विचारलें.

“पुण्यास. सदनिका आहे.”

“तें रावपाचें. घर खंय?”

वाईस, असें आम्ही म्हणालों. वाडा आहे का, किती जुना, कोण बघतो, ती विचारीत गेली. आमच्या सौभाग्यवती खालीं पाहत होत्या. “कुलूप आहे,” एवढेंच आमच्या तोंडून निघालें. तिनें मान हलविली आणि वही पुन्हां कपाटांत ठेवली.

त्या रात्रीं बंधूंचें पत्र बॅगेंतून काढलें. चार घरांचे चार संसार, वाईस कोणाची बदली नाहीं, दुरुस्तीचा खर्च कोणास झेपणारा नाहीं, हें सर्व खरें होतें आणि आजहि खरें आहे. एका परक्या बाईच्या वहीनें वाडा वांचतो असें समजण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. परंतु दुसऱ्याच्या खिडकीपुढें तासभर उभे राहणारे आम्ही, आपल्या वाड्याच्या खिडक्या किती हें त्या रात्रीं मोजूं गेलों, तों आठवेनात. सौभाग्यवतींनीं अकरा सांगितल्या. आमच्या हिशेबीं नऊ भरत होत्या.

बंधूंस उत्तर लिहिलें तें इतकेंच: ‘सहीस आमचा नकार नाहीं. पण तत्पूर्वीं चौघांनीं मिळून दोन दिवस वाईस जावें, कुलूप काढावें, वाडा झाडावा, आणि काय पाडावयाचें आहे तें एकदां नीट पाहून घ्यावें.’ बंधूंचें उत्तर आलें आहे. महाशिवरात्रीस जावयाचें ठरलें. किल्ली कोणाकडे आहे, याचा मात्र अद्याप शोध चालू आहे.