बत्तीस प्रश्न

आमच्या पत्रिकांत छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले होते. त्या भांडवलावर मी तीस वर्षे निश्चिंत होतो. परवा लखनौच्या आमच्या बिऱ्हाडी एका स्नेह्याने ग्रॅहम स्पॅनियर यांची १९७६ सालची दांपत्य-प्रश्नावली आणली. प्रश्न ३२, कमाल गुण १५१. पैसा, घरकाम, सासर-माहेर यांविषयी उभयतांचे एकमत किती, हे तीत विचारलेले. आम्ही ती निरनिराळ्या खोल्यांत बसून भरली.

दोघे मिळून कितीदा हसता, यापुढे मी बेधडक ‘दिवसातून एकदा’ अशी खूण केली. तिची खूण होती ‘महिन्यातून एक-दोनदा’ यापुढे.

“हे चुकले आहे,” फायलीवर शेरा मारावा तसा मी म्हणालो.

“अहो, तुम्ही रोज हसता हे खरे,” ती शांतपणे म्हणाली, “पण कचेरीतल्या गोष्टी सांगून, एकटेच. मी तेव्हा वाढीत असते.”

सात बदल्यांत सामानाची यादी मी कधी चुकवली नव्हती. गुणांची बेरीज मात्र माझ्याच्याने पुरी होईना.

त्या रात्री पानावर बसल्यावर मी विचारले, “आज तुझे काय विशेष?” ती हसली नाही, पण पळी खाली ठेवून समोर बसली.