डायसचे घर: ‘आम्ही’ आणि ‘आपण’

कलावंतांची घरे पाहायला जाण्याविषयी साहित्याच्या अभ्यासकाला मनातून थोडा संकोच असतो. कलाकृतीचा अर्थ कलाकृतीतच शोधावा, कर्त्याच्या चरित्रात नव्हे, असे आपण वर्गात सांगतो. आणि सवड मिळताच त्याच कर्त्याच्या उंबरठ्यावर जाऊन उभे राहतो. तिथला पलंग, चूल, खिडकीतून दिसणारे झाड यांतून नेमके काय हाती लागते? जॉनी कॅश या कंट्री गायकाचे लहानपण जिथे गेले ते घर पाहायला आम्ही गेलो, तेव्हा हा प्रश्न सोबत होताच. घराने त्याचे उत्तर दिले ते आमच्या अपेक्षेपेक्षा निराळे होते आणि थोडे अस्वस्थ करणारे होते.

अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात डायस नावाचे छोटे गाव आहे. मेम्फिस शहर मागे टाकले की मिसिसिपी नदीच्या गाळाची सपाट जमीन सुरू होते. क्षितिजापर्यंत नजरेला अडवणारे काही नाही. हे गाव आपसूक वसलेले नाही. महामंदीत देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांसाठी रूझवेल्ट सरकारने 1934 साली सुमारे 16,000 एकर दलदलीची, जंगलाची जमीन घेऊन ही वसाहत आखली. मध्यभागी प्रशासनाची इमारत आणि तिच्यापासून फुटणारे, क्रमांकांनी ओळखले जाणारे रस्ते. त्या रस्त्यांवर साधारण 500 घरे. प्रत्येक कुटुंबाला घर, वीस ते चाळीस एकर जमीन, एक खेचर आणि हंगामापुरती उसनवारी. हे दान नव्हते. पीक आल्यावर सरकारचे देणे फेडायचे होते. अर्जदारांची कसून चौकशी होई आणि ‘लायक’ ठरलेल्या गरिबांचीच निवड होई.

रे आणि कॅरी कॅश हे जोडपे 1935च्या मार्च महिन्यात मुलाबाळांसह इथे आले. तीन वर्षांच्या मुलाचे नाव नुसते ‘जे. आर.’ होते, ‘जॉन’ तो पुढे 1950 साली हवाईदलात भरती झाल्यावर झाला. कुटुंबाच्या वाट्याला आले ते तिसऱ्या रस्त्यावरचे 266 क्रमांकाचे घर आणि वीस एकरांचे झाडोऱ्याने भरलेले रान. ते तोडून त्यांनी कापूस लावला.

आज प्रशासनाच्या जुन्या इमारतीत संग्रहालय आहे. तिथून सुमारे दोन मैलांवर शेतांच्या मधोमध ते घर एकटेच उभे आहे. पाच खोल्या, पांढऱ्या रंगाच्या लाकडी भिंती, पुढे लहानसा ओटा. इथली चिकण माती आपल्याकडच्या काळ्या कपाशीच्या जमिनीसारखी पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. तिने हे घर पार खचवले होते. आर्कान्सॉ स्टेट युनिव्हर्सिटीने 2011 साली ते विकत घेतले, पाया नव्याने घातला आणि 2014च्या ऑगस्ट महिन्यात ते लोकांसाठी उघडले. खोल्यांची मांडणी जोअ‍ॅन आणि टॉमी या धाकट्या भावंडांच्या आठवणींवरून केली गेली. आईचा पियानो, स्वयंपाकाची चूल, बॅटरीवर चालणारा रेडिओ. वीज नसलेल्या या घरात त्या रेडिओवरून मेम्फिसची आणि दूरदूरची गाणी येत असत.

घरात फिरताना एक गोष्ट लक्षात आली. इथे एकट्या जॉनी कॅशचे म्हणावे असे जवळजवळ काही नाही. सात मुलांच्या या कुटुंबात कुणाची वेगळी खोली असणे शक्यच नव्हते. हे ‘प्रतिभावंताचे’ घर नाही. एकाच नकाशावरून उठवलेल्या पाचशेंपैकी एक आहे. त्याची बाकीची भावंडे, म्हणजे तशी इतर घरे, बहुतेक नाहीशी झाली. एका मुलाचा आवाज जगभर गेला म्हणून हे एक उरले. आणि तो मुलगा ज्या घरातून गेला, तिथे त्याच्या एकटेपणाला जागाच नव्हती.

त्याच्या डायसविषयीच्या गाण्यांत ‘मी’पेक्षा ‘वुई’ ठळकपणे ऐकू येतो, त्याचे मूळ इथे असावे. 1937च्या जानेवारीत पूर आला. कॅरी कॅश लहान मुलांना घेऊन आगगाडीने मूळ गावी, किंग्जलँडला गेल्या. वडील मागे थांबले. बावीस वर्षांनी, 1959 साली, कॅशने त्यावर गाणे केले. त्यात मूल विचारते की पाणी किती चढले, आणि आईवडील फुटांत उत्तर देतात. कड्व्यागणिक एक एक फूट वाढत जातो. भीतीचा एकही शब्द न उच्चारता केवळ मोजमापातून उभी केलेली ही भीती कवितेच्या विद्यार्थ्याने जरूर अभ्यासावी. पण एक घटना त्या सामूहिक स्वरात मावली नाही. 1944च्या मे महिन्यात थोरला भाऊ जॅक शाळेच्या कार्यशाळेत करवतीच्या यंत्रावर जखमी झाला आणि काही दिवसांनी गेला. तो चौदा वर्षांचा होता, जे. आर. बारा वर्षांचा. कॅशने हे दुःख आत्मचरित्रात सांगितले आणि आयुष्यभर वागवले. मुलांच्या खोलीत उभे राहिल्यावर कुणीही फारसे बोलत नाही.

कॅशचे प्रसिद्धीच्या काळातले घर टेनेसीत, हेंडरसनव्हिल येथे तळ्याकाठी होते. तीन दशकांहून अधिक काळ तो तिथे राहिला. 2003 साली तो वारला आणि 2007च्या एप्रिलमध्ये, दुरुस्तीचे काम चालू असताना, ते घर जळून गेले. वैभवाचे घर गेले आणि उसनवारीचे राहिले. 2024 साली अमेरिकी संसदभवनात आर्कान्सॉच्या वतीने कॅशचा ब्राँझचा पुतळाही उभा राहिला. कहाणी इथे थांबवली असती तर ती गोड झाली असती.

परंतु त्या ‘वुई’पाशी परत यावे लागते. डायसची वसाहत फक्त गोऱ्या कुटुंबांसाठी होती. कापसाच्या याच पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राबलेली, त्याच मंदीत उपाशी असलेली काळी कुटुंबे त्या पाचशे घरांपैकी एकाचाही विचार करू शकत नव्हती. तो काळच तसा होता, असे म्हणून हे सोडून देता येत नाही. कारण ज्या साली डायसची आखणी झाली त्याच 1934 साली, जुलैमध्ये, जवळच्या टायरोन्झा गावात अकरा गोऱ्या आणि सात काळ्या माणसांनी एकत्र बसून कुळांची संघटना स्थापन केली. जमीनदारांनी तिच्यावर हिंसेचे सत्र चालवले, तरी ती वाढली. तिचेही संग्रहालय आज टायरोन्झात आहे आणि तेही त्याच विद्यापीठाकडे आहे. डायस पाहणाऱ्याने वाट वाकडी करून तिथे जावे, असे आम्ही आवर्जून सुचवू. ‘आपण’ म्हणणारी माणसे त्या काळातही होती, हे तिथे कळते.

इंग्रजीतल्या ‘वुई’ला दोन्ही अर्थ वाहून न्यावे लागतात. मराठीत मात्र ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा ‘आम्ही’ वेगळा आणि त्याला आत घेणारा ‘आपण’ वेगळा. कॅशची पुराची, वेचणीची गाणी ऐकताना आपल्याला वाटते की तो ‘आपण’ म्हणतो आहे. त्या पाण्यात आपणही घोटाभर उतरतो. घर मात्र सांगते की सरकारी कागदावरचा तो शब्द ‘आम्ही’ असा होता. गाण्याच्या संहितेत हा भेद दिसत नाही. तो दारात उभे राहिल्यावर दिसतो.

यामुळे गाणी खोटी ठरतात का? आम्हाला तसे वाटत नाही. पन्नाशीच्या दशकात मेम्फिसमध्ये घरोघरी विद्युत उपकरणे विकत हिंडताना कॅश गस कॅनन या वयोवृद्ध काळ्या वादकाच्या ओट्यावर बसून त्याचे वादन ऐकत असे. 1964 साली त्याने मूळ अमेरिकी जमातींवरील अन्यायाचा संपूर्ण गीतसंच काढला, 1968 साली फॉल्सम तुरुंगात कैद्यांपुढे गायला. घराने दिलेला ‘आम्ही’ ओलांडून ‘आपण’पर्यंत जाण्याची ही धडपड होती, असे म्हणता येईल. ती पुरी झाली की नाही, याचा निवाडा आपापल्या कानांनी करावा.

चरित्र कलाकृतीचा अर्थ सांगत नाही, हे आम्ही यापुढेही शिकवू. पण कलाकृतीतला ‘आपण’ कुणाकुणाला वगळून उभा राहिला आहे, हे विचारायला घर शिकवते. हा प्रश्न घेऊन आपल्या आवडत्या कवींच्या अंगणातही उभे राहता येईल.