जीपचा तांबेरा

तांबेरा म्हटलं की तुम्ही पिकावरचा समजाल. हा लोखंडावरचा आहे.

गोठ्यामागच्या पडवीत आजोबांची जीप अठरा वर्षं उभी होती. महिंद्राची सीजे-३बी, आरसीवर १९६२ साल, पेट्रोल इंजिन. पेंढा, रिकाम्या गोण्या, अंड्यावर बसलेल्या कोंबड्या, सगळ्यांना तिनं आसरा दिला. गेल्या दिवाळीत भंगारवाला आला, फेरी मारून नुसत्या नजरेनं वजन सांगितलं. आई म्हणाली, "देऊन टाक, जागा तरी मोकळी होईल." मी दोन दिवस मागितले. त्याचे सात महिने झाले.

बाजारात सगळे तिला "मिल्ट्रीची" म्हणतात. तशी नाही. युद्धातल्या जीपच्या पुढच्या जाळीला नऊ फटी, सीजेला सात. मोजून बघा. सीजे म्हणजे नागरी जीप. महिंद्रानं १९४७ मध्ये विलीजच्या जीप आपल्याकडे जोडायला घेतल्या. त्याआधी १९४५ पासूनच अमेरिकेत विलीजनं सीजे शेतकऱ्यांना विकायला काढली होती, मागे पीटीओ लावून यंत्रं चालवता येतील अशी. म्हणजे जात आपलीच. ३बीचं बोनेट उंच असतं, कारण आतलं इंजिन उंच: हवा घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये.

आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. पत्रा गेला तर नवा बसतो, पण चासी गेली की संपलं. म्हणून आधी हातोडी घेऊन चासी ठोकत गेलो. खणखणीत आवाज आला तिथं लोखंड आहे, बद्द आला तिथं पापुद्रे. मागच्या आडव्या पट्टीत जुना चिखल साचून राहिला होता, तिथं स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. तेवढा भाग कापून खोपोलीच्या वेल्डरकडून नवा घातला. नुसता रंग मारून झाकलं असतं तर दोन पावसाळ्यांत परत तेच.

इंजिन जाम होतं. धक्का मारायचा मोह आवरला. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरचं पातळ तेल ओतलं, रोज सकाळी हँडलनं हलकं हलवून बघायचो. अकराव्या दिवशी बोटभर हललं. त्या दिवशी दूध डेअरीवर उशिरा पोचलं.

लहान भागांसाठी एक उपाय, नांगराच्या फाळाला आणि पंपाच्या बोल्टलाही चालतो. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह भंगार लोखंडाच्या तुकड्याला. दोन्ही एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंज काळा होऊन सुटतो, मग ब्रश आणि लगेच रेड ऑक्साइड. काम उघड्यावर करा, त्यातून पेट घेणारा वायू निघतो. आणि स्टेनलेसचा तुकडा वापरू नका, पाणी विषारी होतं.

मिस्त्री चाचा म्हणाले, "भाऊ, डिझेल इंजिन टाक, ॲव्हरेज मिळेल." खरं आहे. पण आता खरा पेच कागदाचा आहे. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. इंजिन बदललं तर तो मार्ग बंद. आणि नोंदवली तर ती रस्त्यावर रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच. बाजाराला भाजी नेता येणार नाही. आजोबांनी तिला कधी शोभेला ठेवली नव्हती, कडावच्या बाजारात भात घेऊन जायचे. म्हणून साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज केलाय. इंजिन मात्र पेट्रोलचंच ठेवलं, का ते विचारू नका.

ब्रेक अजून एका बाजूला ओढतात. तरी परवा आपल्याच वाटेनं, रस्त्याला न लागता, कर्जत-३ च्या बियाण्याच्या चार गोण्या राबापर्यंत नेल्या. आई पुढच्या सीटवर बसली होती. उतरताना म्हणाली, "कोंबड्यांना आता दुसरी जागा बघ."